दादाचं गाऱ्हाणं

माणसं फेसबुकवर का रमतात, असं कुणी विचारलं की हल्ली माझं डोकं फिरतं. आपुलकी, जुने मित्र, विरंगुळा वगैरे कारणं मीही देत असे. खोटं आहे सगळं. मी रमलो, कारण पन्नाशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला ऑफिसात, घरात कोणी ‘वा!’ म्हणत नव्हतं. तिथे म्हणत होते.

काळाचौकीच्या ज्या चाळीत मी वाढलो तिच्यावर लिहायला लागलो. सामायिक नळ, गॅलरीतली भांडणं, मिलचा भोंगा. आता दादरला राहून हे लिहिणं सोपं असतं. चाळीत अजून राहतो तो माझा मोठा भाऊ. त्याने कधी एक ओळ लिहिली नाही.

मागच्या वर्षी गणपतीत नेहमीप्रमाणे आम्ही त्याच्याकडे जमलो. आरतीनंतर दादा हातात नारळ घेऊन उभा राहिला. आमच्यात घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. घरातलं दुखणंखुपणं मालवणीत, मोठ्याने, लाज न बाळगता सांगतो, आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. दार उघडं असलं तरी शेजारी त्या वेळी आत डोकावत नाहीत. मी फोन वर धरला. दादाला वाटलं, घरच्यांसाठी काढतोय.

“बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाच्या संसाराक कोणाची दिष्ट लागली आसात ती काढून टाक रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तिच्या सासूच्या मनात कोणी कायबाय भरवल्यान आसात, तर तिका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

दादाचं चेडू, म्हणजे माझी पुतणी, दोन महिने माहेरी होती. चाळीत ‘बाळंतपणाआधीचा आराम’ सांगितलं होतं. मोठ्यांची बोलणी होऊन गौरी-विसर्जनाच्या दिवशी जावई दर्शनाला यायचा आणि तिला घेऊन जायचा, असं ठरलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी घरी जाताना टॅक्सीत तो व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, ‘अशी माणसं आता उरली नाहीत.’

लाईक पडत गेले. ‘डोळे पाणावले.’ ‘परंपरा जपलीत, सलाम!’ यातल्या एकानेही दादा काय मागतोय ते ऐकलं नव्हतं. आणि ज्या एका बाईने ऐकलं तिने विचारलं, ‘मुलीचं काय झालं हो?’ कमेंटला उत्तर दिलं की पोस्ट पुन्हा वर येते, हे मी तोवर शिकलो होतो. मी लिहिलं, ‘सध्या माहेरीच आहे. आपल्या शुभेच्छा असू द्या.’ खाली हात जोडलेली खूण.

जावई आला नाही. त्या कमेंटचा फोटो तेवढा पुतणीच्या फोनवर आला. खाली सासूचा निरोप: आमची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत, आता मुलगी तिथेच ठेवा.

कळताच मी धावत गेलो. पुतणी मोदकाची भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “काय काका, किती लाईक पडले मला?”

“अगं, माझ्या मनात तसं काही...”

“नाही, सांगा ना. पोर झाल्यावर त्यालाही दाखवीन.”

दादा एवढंच म्हणाला, “देवाक सांगललंय तां तू गावभर वाटलंस.”

मी व्हिडिओ काढून टाकला. पण काढण्याआधी जिन्यात उभा राहून सगळ्या कौतुकाच्या कमेंट पुन्हा एकदा वाचल्या. राग येतो तो याचा. त्या फेसबुक कंपनीचा येतो, फुकटचे हात जोडणाऱ्यांचा येतो, पण माझ्या या अंगठ्याचा येतो तसा कोणाचाच येत नाही.

यंदा पुतणी तिथेच होती, कडेवर मूल घेऊन. मी फोन घरीच ठेवून गेलो होतो आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून हात समोर बांधून उभा होतो. आरती संपली. दादाने नारळ उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ओठ घट्ट बंद. गाऱ्हाणं तो मनातल्या मनात घालत होता. बराच वेळ.

‘व्हय म्हाराजा’ कुठे म्हणायचं ते आम्हाला कोणालाच कळलं नाही.