बांधाकडचं डाळिंब

खुटबावची माझी डाळिंबाची बाग आज उभी आहे ती वरवंडच्या एका फवारणीवाल्यामुळे. त्याचं कौतुक मी कुणापुढेही करतो, मग त्यासाठी स्वतःची फजिती सांगावी लागली तरी बेहत्तर.

त्या उन्हाळ्यात फळं लिंबाएवढी झाली होती आणि लाल कोळी या बारीक किडीनं पानं तांबूस करून टाकली होती. पानं गळाली की फळ उन्हात भाजतं, आख्खा बहार हातचा जातो. दुकानदारानं दोन औषधं दिली, एक हिंडत्या कोळ्याला, दुसरं अंड्यांना. वर निंबोळी तेल. तिन्ही एकत्र करून मारायची. शुक्रवारची नमाज आटोपून तो फवारणीवाला पंप घेऊन आला, तेव्हा बांधावर शेजारपाजारचे चौघे गप्पा मारत बसले होते.

"गुरुजी, आठ-दहा दिवसांत गंधक मारलंय का?" त्यानं विचारलं.

मारलं होतं. चारच दिवसांपूर्वी, कुणाला न विचारता, आणि कोळी हललाही नव्हता. पण निवृत्त झालो तरी मी मास्तर. चारचौघांत चूक कशी कबूल करणार? "छे, नाही," म्हणालो.

त्यानं एक पान तोडून नाकाशी नेलं. मग तिन्ही औषधं छोट्या पंपात कालवली, बांधाकडच्या एकाच झाडावर मारली आणि म्हणाला, "परवा येतो. मिश्रण नवीन हाय, झाडाला सोसतंय का बघू." मी भडकलो. तोंडावर कामचुकार म्हणालो त्याला. तो पंप उचलून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी त्या झाडाची पानं करपून गेलेली, फळांवर डाग. सगळ्या बागेचं हेच झालं असतं. तो आल्या आल्या मी गंधकाचं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय. पानाला वास येत व्हता. गंधकावर तेल पडलं की पान जळतंय. आज तेल न्हाई घालायचं."

पानांच्या खालच्या बाजूनं नळी धरून त्यानं दोनच औषधं मारली. त्यानंतर आठवड्याभरात कोळी आटोक्यात आला. पण त्या दिवशी तो पंप धूत असताना मला राहवलं नाही. "माहीत होतं, तर तेव्हाच का नाही बोललास?"

"चारचौघांत तुम्हाला खोटं पाडायचं व्हय, गुरुजी? त्यापरीस एक झाड गेलेलं बरं."

मला त्याच्याकडे बघवेना. आयुष्यभर मी पोरांचं खोटं त्यांना वर्गापुढे उभं करूनच पकडत आलो होतो.