पावडरीचा खोकला

पेणजवळच्या जोह्यात आषाढ-श्रावणात खोकल्याला कुणी विचारत नाही. घरोघर गणपतीचे कारखाने, मूर्तींच्या घासकामाची पांढरी पावडर अंगणात, ताटात, पापण्यांवर. मग घसा खवखवणारच. सासू खोकते, सून खोकते, भाव करायला आलेलं गिऱ्हाईकही जाताना खोकत जातं. ‘पावडरीचा हाय’ म्हटलं की विषय संपला. हौसाबाईची अर्धी हयात ह्याच पावडरीत गेली. पॉलिश पेपर घेऊन बसली की सगळी रांग गुळगुळीत करूनच उठायची, आणि मध्ये कुणी डिवचलं तर वस्सकन अंगावर यायची. तोंडाची फटकळ, पण कामाला वाघीण.

तिचा नवरा पुंडलिक मूर्तींचे डोळे रेखायचा. दोन हजार पंधरा साली त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात केमो झाली, आणि घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, ‘अंगातल्या पांढऱ्या पेशी पार कमी झाल्यात. साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल. ताप, खोकला आला की तडक दवाखाना गाठा.’ हौसाने मान डोलावली. चौथ्या दिवशी पुंडलिक खोकायला लागला, तर ही शहाणी म्हणते कशी, “पावडरीचा हाय. दार लावून घ्या.” वर हळदीचं दूध दिलं. अहो, सगळी आळीच खोकत होती, त्यात ह्याचा खोकला वेगळा कसा कळायचा? खोकल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याला धड एक वाक्य बोलता येईना, ओठ निळे पडले, तेव्हा कुठे रिक्षात घालून पेणला आणला.

पेणच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. “न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंना. तीन दिवस काय करत होतात?”



मुंबईला खाट रिकामी नव्हती, आणि तेवढा प्रवास सोसण्यासारखा तो राहिलाही नव्हता. बाईंनी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, कोपऱ्यातली स्वतंत्र खोली दिली, ऑक्सिजन लावला, सलाइनमधून औषधं सुरू केली. “औषध मी देते,” त्या म्हणाल्या, “पण बाहेरून नवीन आजार आत आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. दार तुम्ही सांभाळा.”

झालं. हौसाने तोंडाला मास्क लावला, दाराशी स्टूल टाकलं आणि बसली. आता आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं. दुसऱ्याच दिवशी टेम्पो भरून गाव आलं, फुलं घेऊन, देवीचा अंगारा घेऊन. हौसाने एकालाही आत सोडलं नाही. “इथूनच हात जोडा आणि चालू लागा,” म्हणाली. माणसं तोंडं वाकडी करत गेली.

मग आली गिरजाबाई, पुंडलिकची थोरली बहीण. रोह्याजवळ वरशाला दिलेली. आईमागं तिनंच त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. एसटीच्या गर्दीत चेंगरून आलेली, कडेवर नातू, त्याचं नाक वाहतंय.

“मला अडवतेस व्हय गो हौसा? माझा भाऊ हाय तो!”

“म्हणून तर अडवतेय वन्सं. नातवाचं नाक बघा आधी.”

“तुझं तोंड नाय बघायची परत,” म्हणत गिरजाबाई रडत स्टँडकडे गेली. हौसाला वाईट वाटलं नाही असं नाही. पण उठली नाही.

सहाव्या दिवशी पुंडलिकचा ताप उतरला. त्यानं पहिल्यांदा वाटीभर पेज संपवली, तीही हौसाच्या हातून. दुसऱ्या कुणी भरवलं की तोंड फिरवायचा. त्या दुपारी नर्सला बसवून हौसा दोन तास जोह्याला जाऊन आली. व्यापाऱ्याला मूर्ती द्यायच्या होत्या, कारखान्यात घासकाम चाललेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा घसा खवखवला. मास्कच्या आत दोनदा खोकली. पुंडलिक झोपेत, नर्स लांब. कुणालाच पत्ता लागला नाही.

पावडरच गेली असणार, तिनं मनाशी म्हटलं. कालच तर गेले होते.

 हेच बोलून तिनं नवऱ्याला मरणाच्या दारात नेलं होतं.

ती तशीच बाहेर पडली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर लांब उभी राहिली. “बाई, मी खोकले. पावडरीचा असंल, नसंल. मला आत ठेवू नका.” बाईंनी तिच्या घशातला नमुना तपासायला पाठवला, पुंडलिकलाही खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिला हॉस्पिटलबाहेर राहायला सांगितलं. मग हौसाने वरशाला फोन लावला. माफीबिफी तिच्या तोंडात बसत नव्हती. “वन्सं, त्या दिवशी मी चुकले नाय. पण आज मला तुम्ही पायजे.”

गिरजाबाई दुपारच्या आत आली, एकटी. तपासणी झाली, हातपाय धुतले, मास्क बांधला आणि ती आत गेली. हौसा पेणमध्येच ओळखीच्या घरी वेगळ्या खोलीत पडून राहिली. संध्याकाळी अंगात ताप भरला. त्याहून जास्त लागलं ते गिरजाबाईनं फोनवर सांगितलेलं: पुंडलिक जेवत नाही, फोनही कानाला लावू देत नाही, म्हणतो, ‘कंटाळली माझ्या दुखण्याला, पळाली.’ ती भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडली. जाऊन चार शब्द बोलून यावं, असं दहादा वाटलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “हौसाबाई, पावडर नव्हती. कडक फ्लू आहे तुम्हाला. त्यांना लागण नाही, पेशी वाढू लागल्यात. तुम्ही आतच राहिला असतात तर...”

हौसाने फोन ठेवला. मग तिनं गिरजाबाईला फोन केला.

“वन्सं, बाई सांगेपर्यंत मला आत घेऊ नका. मी येईन, रडेन, तुमच्या पाया पडेन. दार उघडू नका.”