सासूबाईंची ओली भिंत

मुलुंडच्या त्या भाड्याच्या घरात सामान आम्ही लावत नव्हतो, ओल लावत होती. बेडरूमच्या भिंतीवर आधी बशीएवढा डाग उमटला. सासूबाईंनी त्यावर कॅलेंडर टांगलं. डाग कॅलेंडरच्या बाहेर आला, तेव्हा तिथे आरसा गेला. मग आरशामागून काळी बुरशी डोकावू लागली, आणि एका संध्याकाळी मी कामावरून येते तर लोखंडी कपाट त्या भिंतीला लागलेलं. सामान आणताना ते दोन हमालांना जड गेलं होतं.

"रिकामा करून सरकवलंय गो," सासूबाई म्हणाल्या आणि खोकत बसल्या.

तो खोकलाच मला घाबरवत होता. दिवाळी झाली तरी जाईना. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "नाय हो. आमच्या घराक दिवसभर ऊन." ऊन आमच्याकडे फक्त किचनच्या खिडकीत येतं, तेही समोरच्या टॉवरची मर्जी असेल तेव्हा. मी खरं काय ते सांगितलं. भिंत दुरुस्त करा नाहीतर घर बदला, असं डॉक्टर म्हणाले. येताना रिक्षात सासूबाई बाहेर तोंड करून बसल्या.

मालकाला फोन करते म्हटलं की त्या विषय बदलायच्या, आणि बदली विषय म्हणून माझ्या माहेरची माणसं कायम हाताशी असायची. मला वाटायचं, यांना घर सोडायची भीती वाटते. तशी ती होतीही. अकरा महिन्यांच्या करारांवर आम्ही मरोळ केलं, घाटकोपर केलं. शेजारीण जरा ओळखीची झाली की खाली टेम्पो उभाच. इथे मात्र त्यांना शेजारच्या काकू भेटल्या होत्या. काकू एकट्या राहायच्या. दोघींची दारं दिवसभर सताड उघडी असत आणि आपापल्या उंबऱ्याशी बसून दोघी लसूण सोलत गप्पा मारत. गिरणगावच्या चाळीत संसार केलेल्या बाईला आणखी काय हवं?

एका रविवारी बुरशी पुसायला मी कपाट ओढलं. प्लास्टर फुगून सुटलं होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडे भांडी वाजली, नळ सुटला, आणि थोड्या वेळाने माझ्या डोळ्यांसमोर भिंतीतून पाणी पाझरू लागलं. पलीकडे काकूंची मोरी होती. मी वळले, तर दारात सासूबाई. त्यांना काहीच नवल वाटलेलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्या पलंगावर बसल्या. "मरोळाक असाच झाला होता. वरच्या बाईक सांगितलंय, तुझ्या बाथरूमचा पाणी आमच्याकडे येता. दुसऱ्या दिवसापासून तिचा दार बंद. खोकल्याक औषध तरी गावता."

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त होता, म्हणून तशीच शेजारी गेले आणि काकूंना सगळं सांगितलं. त्या ओल्या हातांनीच आमच्या बेडरूममध्ये आल्या.

"एवढे महिने खोकतेयस आणि मी येडी तुला काढे करून देतेय," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू दार लावून घेतलं असतंस तर?" सासूबाईंचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "माझं दार पावसात फुगलंय गं. ते लागतच नाही."

मालकाने मोरी त्याची नाही म्हणून हात वर केले. काकूंनीच प्लंबर बोलावला. मोरी फोडल्यावर त्यांची भांडी, त्यांचा स्वयंपाक आणि शेवटी त्या स्वतः दिवसभर आमच्या किचनमध्ये. एरवी कुठल्याही कामगाराला घड्याळ दाखवणाऱ्या सासूबाई प्लंबरला दुसऱ्यांदा चहा घेऊन गेल्या.

"घाई करू नको रे बाबा," त्यांनी त्याला सांगितलं. "काय घाई नाय."