अंगठ्याएवढा पक्षी

पक्षी दाखवण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळी करामत कानाची. जंगल इतकं दाट, की तिथे अंगठ्याएवढा निळ्या गळ्याचा पक्षी नुसत्या डोळ्यांनी शोधणारा दिवसभर मान तेवढी दुखवून घ्यायचा. आधी आवाज धरायचा, मग नजर लावायची.

आणि गेल्या वर्षापासून नेमका तो बारीक आवाजच काकांना ऐकू येईनासा झाला होता. माणसांचं बोलणं स्वच्छ कळायचं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. घरी गजराची पिकपिक ऐकू आली नाही, तेव्हा त्यांनी घड्याळाला शिव्या घातल्या आणि सेल बदलला. बहिऱ्या वाटाड्याला कोण विचारतो? हे काम सुटलं तर या वयात दुसरं कुठून शिकायचं, ही धास्ती. बायकोलाही त्यांनी थांग लागू दिला नव्हता. काकू थर्मास घेऊन मागून चालायच्या. पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही, हा काकांचाच नियम.

त्या सकाळची पाहुणी बाई याच पक्ष्यासाठी तिसऱ्यांदा आली होती. काका जुन्या जागा एकेक करून धुंडाळत होते. ओढ्यापाशी बाई थबकली.

"काका, हे बारीक काय वाजतंय?"

काकांना फक्त पाणी ऐकू येत होतं.

"किडा आहे," त्यांनी ठोकून दिलं. "चला पुढे."

बाई निघाली. तेवढ्यात मागून काकू बोलल्या, "अहो, किडा नाही. तोच आहे."

बाई दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. बायकोला वेड्यात काढणं अगदी सोपं होतं, शब्द ओठांवर आलेही होते. पण मग पक्षी हातचा जाणार, आणि ही बाई पुन्हा हात हलवत परत. काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. तूच सांग, कुठे?"

काकूंनी त्यांची हनुवटी धरली आणि मान वर वळवली. वेलीच्या आडोशाला निळा गळा थरथरत होता. काकांनी बोट न उचलता, हलक्या आवाजात बाईला फांदी सांगितली. तिने दुर्बीण लावली आणि खाली घेतलीच नाही.

काका बघत राहिले. इवलीशी चोच उघडत होती, मिटत होती.

"थांबला का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "गातोय अजून."