नावाची जागा

हिरामावशी मांडवाशिवाय गात नसे. गुणगुणतसुद्धा नसे. मासळी सुकवताना बाकीच्या बायका काहीबाही म्हणत असायच्या. ही मात्र तोंड मिटून एका बोंबलाच्या जबड्यात दुसरा अडकवायची आणि जोडी बांबूवर टाकून पुढे सरकायची. मुरुडजवळच्या त्या कोळीवाड्यात मी शाळेत शिकवायला आले आणि तिच्या शेजारची खोली घेतली. ही गावची धवलारीण आहे, लग्नातला प्रत्येक विधी हिच्या धवल्यावर, म्हणजे लग्नगीतावर, चालतो, असं पहिल्याच आठवड्यात कानावर आलं. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "मावशी, एखादा धवला म्हणून दाखवा ना."

"दाखवायला तो काय पापलेट हाय?" ती म्हणाली. "धवल्यात नावा घ्यावी लागतात, बाय. देवांची, नवरीची, नवऱ्याची. नाव घेतला का येनारा उठून येतो. मांडव न्हाय, नवरी न्हाय, आलेल्याला बसवू कुठं? तुज्या खोलीत?"

माझ्या खोलीत खरंच एकच खुर्ची होती.

मग मी तिच्या मागोमाग लग्नांना जाऊ लागले. कविता नावाच्या एका मुलीच्या लग्नात मी फोन मावशीजवळ ठेवून सगळे धवले रेकॉर्ड केले आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर चढवून ठेवले. त्यामागे काही अभ्यासबिभ्यास नव्हता. मला तो आवाज आवडायचा, एवढंच. जाडसर, खारवलेला आवाज. नाव यायच्या आधी तो क्षणभर थांबायचा, आणि मग ते नाव असं घ्यायचा की ती मुलगी पहिल्यांदाच आपलं नाव ऐकते आहे असं वाटावं.

पुढच्या वर्षी मावशीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरलं ते घोगरं बोलणं, तेही थांबत थांबत. तिने तक्रार केली नाही. पण सायलीचं लग्न ठरलं आणि मावशीचं जेवणावरचं लक्ष उडालं. सायली तिची नात, आईविना वाढलेली, मावशीनेच न्हाऊमाखू घालून मोठी केलेली. अख्ख्या गावच्या पोरी धवला गाऊन सासरी पाठवल्या आणि आपल्याच नातीला मुक्याने पाठवायची, हे तिच्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या गावची धवलारीण आणू म्हटलं की नुसती मान हलवायची. शेवटी एका दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"तुज्या त्या कंप्यूटरात मी हाय ना अजून?"

मी लॅपटॉपवर धवला लावला. तिने कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "ही मी? यो त डास हाय!"

तिचं खरंच होतं. तेव्हा मला तिच्या पुढच्या खोलीतला हाय-फाय आठवला. तिच्या मुलाने, जहाजावर नोकरीला असताना, परदेशातून आणलेला अँप्लिफायर आणि कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर. खारं वारं तिकडे काही टिकू देत नाही. तारांच्या टोकांना हिरवा गंज चढतो. म्हणून मावशी ते सगळं जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवायची आणि देवाची भांडी घासावीत तशी तारांची पितळी टोकं चिंचेने घासायची. मी शहरातून एक छोटीशी डबी आणली. कॉम्प्युटरवरचं गाणं घरातल्या वाय-फायवरून पकडून अँप्लिफायरला देणारी. लुगडं बाजूला केलं, डबी जोडली, आणि मावशीचा आवाज खोलीत आला.

नुसता आवाज नाही. तिच्या बांगड्या आल्या, हळद वाटणारा पाटा आला, लांबवरची कोंबडी आली. मावशीने पदर तोंडाला लावला. मग एकदम हात उंचावला. "थांबव! नाव येतंय!"

मी बटण दाबलं. पण त्या डबीत पुढचं थोडं गाणं आधीच साठलेलं असतं. बटण दाबल्यावरही ते दोनेक ताल वाजत राहतं.

"थांब बोलल्यावर पन दोन पावला चालतो," मावशी म्हणाली. "माज्या मालकासारखा."

मी म्हटलं, "कविताचं नाव रेकॉर्डिंगमधून कापूनच टाकते."

"चिरू नको!" ती केवढ्याने तरी कडाडली, त्या गळ्यातून तेवढं निघालं याचंच मला नवल वाटलं. "नांदत्या पोरीचा नाव हाय तो. त्याला कातर लावतात?"

मग उपाय एकच उरला. मावशीने नावाच्या दोन ताल आधी माझ्या गुडघ्यावर थाप मारायची, मी बटण दाबायचं, शांत झालेल्या जागी सायलीचं नाव मावशीने स्वतःच्या तोंडाने घ्यायचं, आणि मग कविताचं नाव ओलांडून मी पुढचं गाणं सुरू करायचं.

पंधरा दिवस आम्ही दुपारी सराव करत होतो. सरावात नावाची जागा रिकामीच ठेवायची, म्हणजे कुणाला उगाच बोलावणं जायला नको. समुद्रावरचा उजेड छताला हलत असायचा. बाहेर बांबूच्या वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांचा वास, पंख्याची घरघर, आणि खोलीभर तो आवाज. मावशी डोळे मिटून स्वतःच्याच समोर बसायची. एकदा तशीच डोळे मिटून म्हणाली, "गला बरा हाय हिचा. कोन गो ही?" मला हसू आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दुपारी संपूच नयेत असं वाटायचं.

हळदीच्या दिवशी स्पीकर ओट्यावर मांडले. मी लॅपटॉप घेऊन दाराशी, मावशी माझ्या शेजारी. पहिला धवला सुरू झाला आणि मांडवातल्या बायका जागच्या जागी थांबल्या. दोन वर्षांनी तो आवाज ऐकत होत्या. तेवढ्यात सायलीला पाटावर आणलं. मावशीने तिला हळदीत बघितलं आणि थाप मारायचं विसरली. माझ्या लक्षात येऊन मी बटण दाबलं तोवर उशीर झाला होता. मांडवभर नाव घुमलं: कविता.

सायलीचा चेहरा उतरला. एक म्हातारी पुटपुटली, "अगो बाय, दुसरीचा नाव!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मावशी उठली. हळूहळू पाटापाशी गेली आणि सायलीच्या डोक्यावर हात ठेवला. "घाबरू नको. कविता सुखात हाय, लेकुरवाळी हाय. तुज्याआधी पाटावर बसून पाट गरम करून गेली, असा समज." बायका हसल्या. सायलीही डोळे पुसत हसली.

मग मावशी परत येऊन बसली. पुढचं नाव यायच्या आधी थाप पडली, मी बटण दाबलं, आवाज दोन ताल चालून थांबला. आणि त्या शांततेत मावशीने फाटक्या गळ्याने म्हटलं, "सायली." इतकं सुंदर नाव मी त्या आधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या धवल्यापासून तर सगळा मांडवच तिच्याबरोबर नाव घेऊ लागला.

गेल्या थंडीत मावशी गेली. सायलीने अँप्लिफायर आणि स्पीकर लुगड्यासकट माझ्या खोलीत आणून ठेवले. गावात लग्न असलं की ते मांडवात जातात, मी बटण दाबते, आणि नावाच्या जागी बायका नाव घेतात.

परवा एका दुपारी मात्र मी मांडवाशिवायच धवला लावला. मावशीला आवडलं नसतं. नावाच्या दोन ताल आधी माझाच हात माझ्या गुडघ्यावर पडला. बटण दाबलं. खोली शांत झाली.

मी म्हटलं, "हिरा."

माझ्या खोलीत आता दोन खुर्च्या आहेत.