स्वानंदचे आठ चेंडू

स्वानंद भुसारीला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझी घडीची खुर्ची काखेत धरून चिखलातून येताना. खुर्ची टॅक्सीतून उतरताना मागेच पडली होती आणि मला पत्ताही नव्हता.

"काकू, बसा. ओल आहे, पाय वर घ्या," असं म्हणून त्याने स्वतःचा टॉवेल माझ्या पायांखाली अंथरला. मूळचा नागपूरचा, वय एकतीस, इंग्लंडमध्ये लीड्सला वर्क व्हिसावर सॉफ्टवेअरची नोकरी. मी ज्या मैदानावर बसले होते तिथे अमेरिकन फुटबॉल खेळणारा आमच्या भागातला एक हौशी संघ सराव करतो. इथेच वाढलेला माझा नातू शार्दूल त्यात क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, खेळ चालवणारा. मैदानात एका वेळी एकच. स्वानंदही क्वार्टरबॅकच होता, पण तीन वर्षं राखीव.

तो हा खेळ इथेच येऊन शिकला. कॉलेजात क्रिकेट खेळताना सीमारेषेवरून थेट स्टंप उडवायचा, तोच हात. बोलायला मऊ, हसताना तोंडावर हात. जूनमध्ये त्याचं काम संपणार होतं आणि तो कायमचा नागपूरला जाणार होता. "यंदा एक तरी मॅच सुरुवातीपासून मी चालवणार काकू," तो म्हणायचा. "तेवढं झालं का मग चाललो मी आईच्या हातची वांग्याची भाजी खायला."

यंदा जुना क्वार्टरबॅक निवृत्त झाला आणि जागा रिकामी झाली. शार्दूल की स्वानंद, हे ठरवायला कोच ग्लेनने पाच रविवार ठेवले. प्रत्येकाने दर रविवारी वीस चेंडू फेकायचे. नोंद कोणी ठेवायची? ग्लेनने माझी डायरी पाहिली होती. अकराव्या वर्षापासून मी रोज लिहिते. कॉन्व्हेंटच्या शाळेत नन्सनी घोटून घेतलेलं अक्षर आहे. "तुमच्या अक्षराशी कोण वाद घालणार, मिसेस कर्वे?" असं म्हणून त्याने वही माझ्या हाती दिली.

नियम एकच होता. चेंडू नीट आला पण पकडणाऱ्याच्या हातातून सुटला, तर 'डी' लिहायचं, म्हणजे 'ड्रॉप'. दोष पकडणाऱ्याचा, फेकणाऱ्याला तो चेंडू जमेला.

पहिल्या रविवारी स्वानंदचा एक चेंडू पकडणाऱ्याच्या बोटांना लागून पडला. मी क्षणभर थांबले आणि फुली मारली, म्हणजे चेंडू फुकट. शार्दूलचा तसाच पडला तेव्हा 'डी' लिहिलं. इतकं सोपं होतं ते. पुढच्या रविवारी थांबावंसुद्धा लागलं नाही.

आणि या पाचही रविवारी मला मैदानावर कोणी नेलं? स्वानंदने. शार्दूल आपल्या फ्लॅटवरून परस्पर यायचा, तोही उशिरा. "आजी, माझा जर्सी आणला का?" एवढंच विचारायचा. स्वानंद मात्र माझ्या दाराशी येऊन उभा राहायचा. माझे यजमान पद्माकर गेल्यापासून माझ्यासाठी गाडीचं दार असं कोणी उघडलं नव्हतं.

शेवटी बेरीज झाली. शार्दूल सदुसष्ट, स्वानंद चौसष्ट. स्वानंदने शार्दूलच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलास भाऊ! आता मला पाणी पाजायची ड्यूटी."

पहिले दोन सामने शार्दूल खेळला. दुसऱ्या सामन्याहून परतताना स्वानंदने गाडी सिग्नलला थांबवली आणि सहज म्हणाला, "काकू, मी ग्लेनला सांगून राहिलो, की आता फेकणं बंद. मी नुसता मदतीला येतो."

"का रे?"

"हात गेला ना माझा. मला वाटत होतं चांगलं फेकतोय. रोज सकाळी पार्कात जाऊन पकड बदलून पाहिली, पाय बदलून पाहिले. पण तुमच्या वहीत चौसष्टच. तुमची वही थोडीच खोटं बोलणार?"

सिग्नल हिरवा झाला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

घरी येऊन डायरी काढली. त्या पाचही रविवारी संध्याकाळी मी खरं तेच लिहिलं होतं, कारण डायरीत मला खोटं लिहिता येत नाही. 'स्वानंदचे तीन चेंडू आज पकडणाऱ्याने सोडले.' 'आज दोन.' मैदानावरच्या वहीशी ताडून पाहिलं. आठ 'डी'च्या जागी मी फुल्या मारल्या होत्या. त्याचे खरे बहात्तर होते. लहानपणी सिस्टर सांगायच्या, चूक रबराने पुसायची नाही, तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. मी आठ रेघा मारल्या, आठ सह्या केल्या.

गुरुवारच्या सरावाला दोन्ही वह्या ग्लेनपुढे ठेवल्या. दोन्ही मुलं शेजारी उभी होती. सांगताना माझा आवाज इतका बारीक निघाला की ग्लेनला वाकावं लागलं. त्याने पानं उलटली. "राइट," एवढंच म्हणाला आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

शार्दूल लाल झाला होता. "आजी, मी मागितलं होतं का? मला वाटलं मी जिंकला! आता सगळे काय म्हणतील?"

स्वानंदने फक्त विचारलं, "आठ, काकू?"

"आठ."

तो हसला नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. मग नेहमीसारखी माझी खुर्ची घडी करून गाडीत ठेवली. वाटभर नजर रस्त्यावर ठेवली. दार मात्र उघडलं.

तिसरा सामना ठरल्याप्रमाणे शार्दूलच खेळला. त्यानंतरचा जूनमधला घरच्या मैदानावरचा सामना ग्लेनने स्वानंदला दिला. त्याच्या जाण्याच्या आधीचा तो शेवटचा. मला न्यायला तो आला, तेव्हा मी दार अर्धवट उघडून म्हणाले, गुडघा दुखतोय. तो दुखत नव्हता. सगळ्या संघासमोर त्या खुर्चीत बसायचं धैर्य नव्हतं. तो जिना उतरला आणि मी गाडी वळेपर्यंत पडद्याआड उभी राहिले.

ते जिंकले, असं शार्दूलने फोनवर सांगितलं. "तो भारी खेळला, आजी." एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी स्वानंद निरोप घ्यायला आला. पाया पडला. चहा घेतला. मग कप ठेवून म्हणाला, "काकू, एक मागू? त्या मॅचचं तुमच्या डायरीतलं पान. फोटो काढून घेतो. आई म्हणते, काकूंच्या अक्षरात दाखव. तुम्ही आल्या नाहीत, पण शार्दूलला विचारून लिहिलंच असेल ना तुम्ही? तुम्ही एक दिवस सोडत नाही."

मी डायरी उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्या रविवारी मी एकच ओळ लिहिली होती.

'हवा कोरडी. घरीच होते.'

त्याने ती वाचली. फोन खिशात ठेवला.

"चालेल काकू," तो म्हणाला, आणि दोन्ही कप उचलून सिंककडे गेला.