वेणूच्या अंड्यांवर आलेला आळ

सुकापूरच्या वेणूच्या डोक्यावरची पाटी कधी हलत नसे. पाटीत पेंढा, पेंढ्यात अंडी, आणि चाल अशी संथ, जसं खाडीत भरतीचं पाणी शिरावं. जन्म तिचा उरणकडच्या मिठागरावरचा. लग्न होऊन सुकापुरात आली, भात लावला, कापला. पुढे शेतं नव्या वसाहतीत गेली, तेव्हा तिनं कोंबड्या वाढवल्या आणि जिथं चिखल तुडवला होता, तिथंच उभ्या राहिलेल्या इमारतींचे जिने ती चढू लागली. एका इमारतीत आठ घरं तिची अंडी घेत. 'वेणूचं अंडं' एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे.

एक्याण्णव सालच्या माघात त्या नावाला डाग लागला.

तिसऱ्या मजल्यावरची वसुंधरा दार अर्धंच उघडून म्हणाली, "वेणूबाई, उद्यापासून अंडी नकोत."

"का, वयनी?"

"शिळी निघतात."

वेणूनं पाटी खाली ठेवली. "बादलीत पानी आना."

पाण्यात सोडलेली अंडी तळाशी गेली आणि आडवी निजली. ताजं अंडं तसंच निजतं. पण वसुंधराच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"बुडाली, दिसतंय मला. पण माझी बहीण पुण्यात चॉकलेटच्या मेरँग कुकीज करते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा फेस, त्यात साखर नि कोको, बस. तिच्या आठवडाभर कुरकुरीत राहतात. मी तीनदा केल्या, तीनदा चिकट झाल्या. कृती तीच, कोको तोच. अंडी तेवढी तुमची. खालच्या शोभाकाकूंनाही मी सांगितलंय."

सकाळपासून तीन दारांत 'आज नको' का ऐकावं लागलं, ते वेणूला आत्ता उमगलं. तीन दारं गेली, म्हणजे उरलेली जायला किती वेळ?

"माज्यासमोर करा," ती म्हणाली. "मी बसते."

दुसऱ्या दिवशी ती सहा अंडी घेऊन आली. प्रत्येकावर कोळशाची रेघ.

"हे काय?" वसुंधरानं विचारलं.

"वळख. दुकानातली मिसळली म्हंजे?"

वसुंधरानं तो टोला गिळला. मग तिनंही एकेक अंडं वाटीत फोडून, नाकाशी धरून, हुंगून पाहिलं. दोघी एकमेकींच्या हातांवरून नजर काढत नव्हत्या.

पांढरे बलक वेगळे झाले. मग वसुंधरानं लिंबू कापलं आणि रिकाम्या पातेल्याच्या आतून गोल गोल फिरवलं. अंडं आणि लिंबू एकत्र वेणूनं आजवर फक्त गावाबाहेरच्या तिठ्यावर, उताऱ्यात पाहिलं होतं, आणि तिथून ती वळसा घालून गेली होती.

"वयनी, हे कशाला?"

"पातेल्याचा ओशटपणा जायला. ओशट राहिलं तर फेस चढत नाही."

"आनि फिरवताना तोंडात काय पुटपुटलात?"

"साखरेचं माप आठवत होते हो!"

वेणू चार बोटं मागं सरकली, पण उठली नाही.

फेस मात्र चढला. आधी दुधासारखा, मग मिठागराच्या बांधाशी वाऱ्यानं लोटलेल्या फेसासारखा. वसुंधरानं पातेलं उलटं धरलं, तरी तो हलेना.

"शिळ्या अंड्याचं असं व्हतंय का?"

"अजून संपलेलं नाही," वसुंधरा म्हणाली.

साखर आणि कोको पडल्यावर फेस तपकिरी झाला. चमच्यानं कागदावर लहान लहान शेंडेदार गोळे घातले. गोल ओव्हन लहानसा, म्हणून दोन खेपा. पहिली खेप मंद आचेवर तासभर भाजून कुरकुरीत निघाली आणि निवायला खिडकीजवळच्या टेबलावर गेली. दुसरी भाजून झाली तेव्हा दुपार कलली होती. वसुंधरानं बटण बंद केलं आणि ती गच्चीवरचे कपडे काढायला गेली. खेप बंद ओव्हनमध्येच राहिली. खिडकीचा पडदा आत फुगू लागला.

कपडे घेऊन आल्यावर वसुंधरानं टेबलावरच्या एका कुकीला हात लावला. ती बोटाला चिकटून वर आली.

"बघा! म्हटलं नव्हतं?" तिच्या आवाजात जवळजवळ आनंदच होता.

वेणू उठली. तिनं एक कुकी दोन बोटांत चोळून पाहिली. हा ओलेपणा तिच्या ओळखीचा होता. वारा फिरला की तिचा बा मिठाच्या राशी झाकायला धावायचा.

"आतली काढा."

ओव्हनमधल्या कुकीज खडखडीत होत्या. नखानं टिचकी मारली तर वाजल्या. पातेलं एक, फेस एक. वसुंधरानं केराच्या टोपलीत वाकून पाहिलं. सगळ्या टरफलांवर रेघ होती.

"सकाळी मतलई व्हता, जमिनीवरचा वारा, सुका," वेणू म्हणाली. "दुपारी खारा आला. मीठ काय, साखर काय, दोनी पानी वढतात. तुमच्या बहिनीच्या पुण्यात दर्या हाय का?"

कुकीज डब्यात भरून वसुंधरानं झाकण घट्ट लावलं. एक वेणूपुढं धरली.

"नको." लिंबू अजून वेणूच्या मनातून गेलं नव्हतं. "खाली चला. आदी तुमीच सांगितलंत, आता बी तुमीच सांगा."

"संध्याकाळी सांगते ना."

वेणू पाटी डोक्यावर घेऊन दारात उभी राहिली. हलेना.

शोभाकाकूंनी दार उघडून दोघींना आळीपाळीनं न्याहाळलं.

"काकू, अंडी चांगली होती," वसुंधरा म्हणाली. "दमट वाऱ्यानं झालं सगळं."

"परवा अंडी शिळी, आज वारा वाईट? हिनं तुला डझनभर फुकट दिली की काय?"

वसुंधराचे कान लाल झाले. आळ अंगावर आला की कसं वाटतं, ते तिला जिन्यात उभ्या उभ्या कळलं. "नाही हो, काकू. चूक माझीच. मी उगाच बोलले," ती म्हणाली, इतकं स्पष्ट, की समोरचं दारही उघडलं.

काकूंनी पाटीकडे पाहिलं. मग आतून वाडगा आणला.

"दोनच दे आज. बघते."

काकूंना खूश करायला वेणूनं पाटीत चाचपून मोठी अंडी शोधली नाहीत. हाताला लागली ती दोन उचलली आणि वाडग्यात ठेवली.